सुईची साक्ष

ध्वनिमुद्रिका वाजविण्यासाठी कोणती सुई घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला आहे. नीतिविचारात त्याला स्थान असावे असे सहसा कोणास वाटणार नाही. परंतु ज्या वस्तूवाचून एखाद्या दिवंगत गायिकेचा स्वर आपल्या कानी पडणे शक्यच नाही, ती वस्तू निवडताना आपण केवळ ग्राहक असतो काय? अलीकडे जुन्या तबकड्यांची आवड पुन्हा वाढली आहे आणि तिच्याबरोबर ‘मूव्हिंग कॉइल’ जातीच्या कार्ट्रिजचीही. त्यांतील अतिउंची नगांची किंमत काही लाख रुपयांपर्यंत जाते. सुपारीएवढ्या वस्तूवर इतके द्रव्य वेचणे हा विवेक म्हणावा की विलास, हे ठरवावयाचे तर ती वस्तू करते काय हे प्रथम पाहिले पाहिजे.

तबकडीवरील खाचेच्या भिंती ध्वनीच्या कंपनांनुसार नागमोडी कोरलेल्या असतात. हिऱ्याचे टोक त्या खाचेतून सरकते, त्याची बारीक दांडी हलते, आणि वेटोळे व लोहचुंबक यांच्या सापेक्ष हालचालीतून विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. फॅरेडेने १८३१ साली शोधलेले तत्त्व ते हेच. सर्वसाधारण कार्ट्रिजमध्ये दांडीवर चुंबक असतो व वेटोळी स्थिर असतात. मूव्हिंग कॉइलमध्ये चुंबक स्थिर राहतो आणि थोड्या वेढ्यांचे हलके वेटोळे सुईबरोबर हलते. ओझे कमी असल्याने सुई खाचेची सूक्ष्म वळणे तत्परतेने अनुसरते. मात्र वेढे थोडे म्हणून विद्युद्दाबही थोडा: सर्वसाधारण कार्ट्रिज चार-पाच मिलिव्होल्ट देते, तर हे बहुधा अर्ध्याहूनही कमी. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा जादा वर्धक लागतो. शिवाय सुई झिजल्यास ती घरी बदलता येत नाही. सबंध कार्ट्रिजच कारखान्याकडे वा कुशल कारागिराकडे पाठवावे लागते.

वकिली पेशातील मनुष्याला या सुईत साक्षीदार दिसावा हे स्वाभाविक आहे. घटना घडून गेलेली आहे, न्यायाधीशाने ती पाहिलेली नाही, आणि जो काही निर्णय व्हावयाचा तो साक्षीच्या आधारे. न्यायालयात साक्षीदार शपथ घेतो ती त्रिविध असते: सत्य सांगेन, पूर्ण सत्य सांगेन, सत्याशिवाय काही सांगणार नाही. ही एकाच गोष्टीची पुनरुक्ती नव्हे. तीन निरनिराळ्या दोषांवर घातलेले ते तीन निर्बंध आहेत, आणि तिन्ही दोष सुईच्या ठायी संभवतात.

सुईवरचा भार कमी पडला की तारसप्तकातील जोरकस स्वरावर ती खाचेची भिंत सोडते आणि स्वर फाटतो. गायिकेचा स्वर फाटलेला नसतो. हे असत्य कथन झाले. दुसरा दोष अपूर्णतेचा. तबकडीच्या मध्याकडे जावे तसतशी तीच कंपने अधिक दाटीने कोरलेली असतात. गोल टोकाची सुई तेथील बारीक वळणांत पुरती शिरू शकत नाही, आणि व्यंजनांची धार बोथट होते. निमुळत्या कडांच्या सुया येथे सरस ठरतात. तिसरा दोष भर घालण्याचा. अनेक मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजे स्वतःच्या कंपनप्रवृत्तीमुळे वरच्या पट्टीत थोडी चमक मिसळतात. तंबोऱ्याची झंकार मग मूळ मुद्रणाहून अधिक उजळ भासते.

मोह पडतो तो या तिसऱ्या दोषाचाच. ‘आम्ही गाणे ऐकतो ते आनंदासाठी, सुईने थोडी गोडी वाढविली तर बिघडले काय?’ असे रसिक विचारील. प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. मूळ बैठकीस आपण उपस्थित नव्हतो, तेव्हा सुईने भर घातली की नाही हे तरी कसे ठरवावे? यावर उलटतपासणीची जुनी रीत उपयोगी पडते. जो साक्षीदार प्रत्येक खटल्यात तेच वाक्य त्याच सुरात बोलतो, तो घटनेविषयी काही सांगत नसून स्वतःविषयी सांगत असतो. निरनिराळ्या गायकांच्या, निरनिराळ्या काळांतल्या तबकड्या एकापाठोपाठ वाजवाव्यात. साऱ्याच सारख्या मधुर, सारख्या उजळ वाटू लागल्या, तर ते माधुर्य सुईचे. एक तबकडी रुक्ष, दुसरी भरदार, तिसरी दूरस्थ वाटली, तर सुई आपल्या जागी आहे असे समजावे. गोडीचा मोबदला म्हणून आपण त्या त्या कंठाचे वेगळेपण देऊन टाकतो, हा सौदा फायद्याचा नव्हे.

मग किमतीचे काय? जपानच्या एन. एच. के. या नभोवाणी संस्थेच्या सहकार्याने डेनॉन कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज घडविले. त्याचे टोक साधे गोल, भार सुमारे २.५ ग्रॅम, विद्युद्दाब अवघा ०.३ मिलिव्होल्ट. पूर्ण सत्याच्या कसोटीवर आजची निमुळत्या सुईची कार्ट्रिजे त्याच्यापुढे जातील. परंतु नभोवाणीला हवा होता तो आज एक व उद्या दुसरे न सांगणारा साक्षीदार. आणि त्या गुणामुळे, उंची नगांच्या मानाने अल्प किंमत असूनही, अनेक दशके ते जाणकारांच्या विश्वासास पात्र राहिले. मात्र त्याला जड भुजेचा टोनआर्म लागतो. हलक्या भुजेवर तेच कार्ट्रिज बेताल वागते. किंमत ही योग्यतेची खूण नव्हे, आणि योग्यतासुद्धा जोडीदारावाचून सिद्ध होत नाही.

याहून महत्त्वाची बाब तबकडीच्या रक्षणाची आहे. सुईचा भार दोन-अडीच ग्रॅमच, पण तो इतक्या सूक्ष्म बिंदूवर एकवटतो की तेथील दाब दर चौरस सेंटिमीटरला टनांत मोजावा लागतो. झिजलेली सुई खाच वाचता वाचता ती खरवडते. साक्ष देता देता दस्तऐवजच फाडणारा हा साक्षीदार! ज्या घरात लाखाची सुई आहे आणि ती झिजूनही, खर्चाच्या भयाने, चालविली जाते, तेथे रसिकता नाही. आणि ज्या घरात साधी सुई वेळच्या वेळी बदलली जाते, तबकडी पुसून वाजविली जाते, कोन व भार नीट जुळविले जातात, तेथे ती आहे. देवाच्या अलंकारांची किल्ली ज्याच्या हाती असते तो त्या अलंकारांचा धनी नसतो, ही गोष्ट देवस्थानाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. दुर्मीळ तबकडीच्या संग्राहकाचे स्थानही तेच: तो विश्वस्त आहे, आणि सुईची निवड हा त्याच्या विश्वस्तपणाचा भाग आहे.

अर्थात साक्षीदाराने जे पाहिलेच नाही ते त्याच्याकडून वदवून घेता येत नाही. गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. ज्या गायकीत एकेक राग सावकाश उलगडावयाचा, तिचे ते संक्षिप्त टिपण होते. शिवाय त्या तबकड्यांची खाच रुंद. त्यांना सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, तर दीर्घवादन तबकडीची गोल सुई १७ मायक्रॉनच्या आसपासची. अत्यंत महागडी आधुनिक सुई त्या जुन्या खाचेत घातली, तर ती तळाशी घासत राहील. द्रव्य येथे निरुपयोगी ठरते. ज्ञान आणि योग्य मापाची सुई मात्र उपयोगी पडते.

याच केसरबाईंचे भैरवीतील गायन १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णलेपित तबकडीतून अंतराळात गेले. त्या तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुई हीही ठेवलेली आहेत. पाठविणारांना ठाऊक होते की ते गाणे तेथे त्यांच्यापैकी कोणी ऐकणार नाही, आणि जो कोणी ऐकेल त्याची आवडनिवड जाणण्याचा मार्ग नाही. स्वतःच्या सुखाचा व प्रतिष्ठेचा प्रश्नच तेथे उरला नव्हता. तरीही नुसती तबकडी पाठवून ते थांबले नाहीत. कोरलेला स्वर सुईवाचून मुका आहे, हे त्यांनी ध्यानात ठेवले. आपल्या घरची सुई निवडताना तेवढे जरी आपल्या ध्यानी राहिले, तरी खर्च किती करावा याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागणार नाही. त्या स्वराचे जतन व्हावे इतका खर्च कर्तव्य आहे. त्यापुढचा आपल्या हौसेचा, आणि तो हौस म्हणूनच हिशेबात मांडावा.