पेंचचं देणं

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कोलितमारा गेटवर आमची जिप्सी उभी होती. पारशिवनीहून येता येता बोटं गारठून गेली होती. वनरक्षकानं टॉर्चच्या उजेडात ओळखपत्रं पाहिली आणि पावती हाती दिली. गाडीचा प्रवेश, गाइड, जिप्सीचं भाडं, सगळं निरनिराळं. पाहुणे म्हणाले, "बरेच होतात हो!" पुढे बसलेला गाइड जवळच्याच गावचा. तो हळूच म्हणाला, "साहेब, यातूनच आमचं घर चालते."

पूर्वी गेटवरचा पैसा सरकारी तिजोरीत जायचा आणि जंगलाच्या वाट्याला अंदाजपत्रकातून येईल तेवढंच यायचं. २००६ साली वन्यजीव संरक्षण कायदा सुधारला, व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांची तरतूद झाली आणि हा पैसा त्याच जंगलात परत येण्याची वाट मोकळी झाली. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वणव्याचा धाक. त्याआधी जाळरेषा काढायच्या, एप्रिल-मेमध्ये आटलेले पाणवठे भरायचे, संरक्षण कुटीत रात्र काढणाऱ्यांची सोय पाहायची. हे फुकट होत नाही. त्यामुळे दर वाढले तरी मला ते खुपत नाही. मला खुपतं ते वेगळंच.

पेंच नदी तोतलाडोहला अडते, खाली आमच्या तालुक्यात नवेगाव खैरीला पुन्हा अडते आणि तिथून तिचं पाणी नागपूरच्या नळांना जातं. ज्यानं जन्मात वाघ पाहिला नाही, तोही सकाळी याच जंगलातून आलेल्या पाण्यानं तोंड धुतो. पावती मात्र फाटते ती जिप्सीत बसणाऱ्याचीच.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यानं २०१० साली यावर एक तोड काढली. गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना मालकाला विचारायचं, उद्यानांसाठी १० डॉलर जास्त भरता का? भरले की राज्य उद्यानांची दारं त्या गाडीला वर्षभर उघडी. सक्ती नाही. गेटवर गोळा होणारा पैसा असा राज्यभरातल्या गाड्यांकडून थोडा थोडा येऊ लागला.

आमच्या एमएच-४० च्या, शहरातल्या एमएच-३१ आणि एमएच-४९ च्या गाडीवाल्यांना आरटीओत कोणी असं विचारलं तर? मी त्याच दिवशी भरीन. माझी मागणी एकच राहील: त्यातून काठावरच्या गावांतल्या पोरांना वर्षातून एकदा तरी आत न्यावं. चितळाचा धोक्याचा आवाज ती अंथरुणात पडल्या पडल्या ओळखतात, पण जिप्सीचं भाडं त्यांच्या घरात कुठून येणार?

फाटक उघडलं, जिप्सी आत सरकली. मी मागे वळून पाहिलं. आईच्या शाली गुंडाळलेली दोन पोरं रस्त्याच्या कडेला उभी होती, गाडी वळेपर्यंत हात हलवत.