675 पट काय दिसलं, लेकहो?

बसू नका. आधी ते खोकं टेबलावर ठेवा आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत काय छापलंय ते वाचून दाखवा. ‘675 पट’. ठीक. आता खोकं फिरवा. कडेला बारीक अक्षरांत काय आहे? 114 आहे, 900 आहे. हे कोणी वाचलं होतं? वर्गणीसाठी पावतीपुस्तक छापलंत, बॅनर छापलंत, बॅनरवर सगळ्यांचे गॉगल घातलेले फोटो छापलेत. खोक्याची एक बाजू वाचायला मात्र कोणाला सवड झाली नाही.

आणि आता माझ्याकडे आलात ते कशाला, तर ‘बाई, दुर्बीण बोगस निघाली, जरा कडक पत्र लिहून द्या’. पत्र मी लिहीन. कोणाच्या नावाने लिहायचं ते आधी ठरू द्या.

दहावीत भिंगं मीच शिकवली तुम्हाला, त्यामुळे हे गणित येत नाही म्हणायची सोय नाही. 900 हे आरशाचं नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. त्याला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागलं की किती पट ते निघतं. सोबत 4 मिलिमीटरचा आयपीस दिलाय, झाले 225. त्यात तीन पटीचं बार्लो भिंग घातलं, झाले 675. विकणाऱ्याचा गुणाकार बरोबर आहे. पण एवढं मोठं केलेलं चित्र उजळायला उजेड कुठून आणायचा, हे तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. 114 मिलिमीटर रुंद आरशावर जेवढा उजेड पडतो तेवढाच पडतो. तोच पसरत गेलात की पुढे नुसतं ताकात पाणी. आरशाचे जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पट ही शेवटची हद्द. म्हणजे 228, आणि तीही हवा अगदी निश्चल असेल अशा एखाद्या रात्रीच.

बरं, उजेडाचं सोडा. 675 पटीला आयपीसमधून आकाशाचा जेमतेम 4 कला रुंद तुकडा दिसतो. पूर्ण चंद्र 30 कलांचा असतो. पृथ्वी फिरते म्हणून आकाश दर सेकंदाला 15 विकला सरकतं. करा भागाकार, मी थांबते. 16 सेकंद! शनी या कडेने आत आला की 16 सेकंदांत त्या कडेने बाहेर. आणि तुम्ही यवतमाळच्या पोस्टल मैदानावर लहान लेकरांची रांग लावली होती, त्यातलं प्रत्येक लेकरू डोळा लावेपर्यंत शनी निघून गेलेला. मग तुमच्यापैकी कोणी तरी त्यांना सांगितलं, ‘दिसलं ना? तो पांढरा ठिपका!’ तो पांढरा ठिपका हायमास्टचा दिवा होता. मी रांगेत मागेच उभी होते.

तुमची दुर्बीण बोगस नाही. हे ऐकून वाईट वाटलं ना? अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. त्या हिशोबाने हा आरसा नुसत्या डोळ्यापेक्षा 265 पट उजेड गोळा करतो. खोक्यावर मिरवावा असा आकडा 114 हाच होता आणि तोच बारीक अक्षरांत छापलाय, कारण 675 पाहून पैसे काढणारे तुम्ही आहात हे छापणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. बार्लो काढून ठेवा. 4 मिलिमीटरचा आयपीसही सध्या नको. 25 मिलिमीटरचा आहे ना, तो लावा. 36 पट. याच आरशातून 36 पटीला गुरूचे चार चंद्र ओळीत दिसतात, कृत्तिका दिसतात, मृगातला तेजोमेघ दिसतो. तेजोमेघ करडा दिसेल, खोक्यावरच्या चित्रासारखा गुलाबी-निळा दिसणार नाही. तो रंग कॅमेऱ्याला दिसतो, डोळ्याला नाही.

चंद्र उलटा दिसतो, ही तुमची दुसरी तक्रार. अशा दुर्बिणीत तो उलटाच दिसतो. आकाशात वर-खाली काही नसतं, त्यामुळे तो सरळ करायला आणखी एक भिंग घालून उजेड वाया घालवत नाहीत. तिसरी तक्रार, तारा टोकदार न दिसता शेपटी फुटल्यासारखा दिसतो. खोकं कुरिअरने आलं, आपटत आलं, आतले दोन आरसे एका रेषेत राहिले नाहीत. मागच्या तीन स्क्रूंनी ते जुळवायचे असतात. तारा मुद्दाम फोकसबाहेर काढा, कडी एकात एक समकेंद्री दिसेपर्यंत स्क्रू हलके फिरवा. हे सोबतच्या पुस्तिकेत चित्रासह दिलंय. पुस्तिका कुठे आहे? प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेली नाही.

आता मुहूर्ताकडे येऊ. आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवला कधी, तर कोजागिरीला! अरे, कोजागिरी दूध आटवण्यासाठी. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून बघण्यात काही गंमत नसते, कारण त्याच्यावर ऊन समोरून पडतं, सावल्याच पडत नाहीत आणि सगळी विवरं सपाट होऊन जातात. शुक्ल सप्तमी-अष्टमीला बघा, प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवर एकेका विवराची भिंत उभी राहते. बाकी तारकागुच्छ, तेजोमेघ यांना चंद्र नकोच. कृष्ण पंचमीपासून चंद्र उशिरा उगवतो, तिथून अमावास्येपर्यंतच्या संध्याकाळी आपल्या. घरोघरी कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यात रोजची तिथी छापलेली असते. तुम्ही ते दूधवाल्याचे खाडे मांडायला वापरता. आणि अमावास्या म्हटली की तुमच्या आया तुम्हाला बाहेर पडू देत नाहीत, हे मला सांगू नका. मोटारसायकलवर रात्री बारापर्यंत दारव्हा रोडला हिंडताना तिथी विचारत नाही कोणी.

पण हे सगळं दुय्यम. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. तुम्हाला आकाश येत नाही. आपल्या जिल्ह्यात कापूस पेरायचा तो मृगाच्या पावसावर, हे तुम्ही पाळण्यात ऐकलंय. तो मृग आकाशात संध्याकाळी कधी दिसतो? सांगा! जूनमध्ये? जूनमध्ये त्या नक्षत्रात सूर्य असतो, म्हणून तर मृग ‘लागला’ म्हणतात, आणि सूर्याच्या उजेडात तो दिसायचा कसा? मृग बघायचा थंडीत. तुमचे काका-आजोबा हिवाळ्यात रात्रीची लाईट आली की गव्हाला, हरभऱ्याला ओलीत करायला जातात. ते मान वर करून सांगतात, तीन तारे माथ्यावर आले, आता मोटर बंद करायची वेळ झाली. त्यांच्याकडे ना दुर्बीण, ना ॲप.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीकडचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंडांचं आकाशज्ञान गावोगाव फिरून टिपलं, पुढे बंजारा आणि कोलामांचंही. सप्तर्षींतले चार तारे म्हणजे बाज आणि मागचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर, ही गोष्ट तुम्ही ऐकली तरी आहे का? झरी-जामणीच्या, केळापूरच्या कोलाम पोडावर जाऊन बसा एक रात्र. मुंबईचे शास्त्रज्ञ येतात, आणि तुम्ही तासाभरावर राहून जात नाही.

2 एप्रिल 2022 ची संध्याकाळ आठवते? सगळ्या विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे गेले. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं, चिनी रॉकेटचा भाग निघाला. तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओ काढले आणि उल्का, उल्का म्हणून पाठवत सुटलात. उल्का डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात विझते, हे मात्र सावकाश, सुटे सुटे होत चाललं होतं, तिथेच शंका यायला हवी होती. कोणत्या दिशेकडून कुठे गेलं, कोणत्या ताऱ्याजवळून गेलं, हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं. एकाला सांगता आलं नाही. हातात फोन होता, डोळ्यात काही नव्हतं.

दुर्बीण ही शोधायचं कुठे ते ज्याला माहीत आहे त्याच्या कामाची. तुम्ही ती शोधाशोध टळावी म्हणून आणली. पहिल्या वर्षी तुम्हाला 10×50 चा एक बायनॉक्युलर पुरला असता. त्यातून देवयानी दीर्घिका दिसते, चंद्रावरची मोठी विवरं दिसतात, आणि मुख्य म्हणजे बघणाऱ्याला आकाशाची वाट कळते. पण बायनॉक्युलर बॅनरवर शोभत नाही.

‘बाई, मोठ्या शहरात असतो तर केलं असतं’, असं मागे कोण पुटपुटलं? पुढे ये. पुण्यात 1888 मध्ये 20 इंची दुर्बीण बसवली होती, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून. कावसजी नायगमवाला हे एकटे गृहस्थ तिच्यावर काम करायचे. 1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद. दुर्बीण कोडाईकनालला रवाना. शहर तेच होतं, दुर्बीण तीच होती, बघणारा उरला नव्हता. आणि बंगालमध्ये जेसोरला राधागोविंद चंद्र नावाचा सरकारी खजिन्यातला एक कारकून, मॅट्रिकला तीन वेळा नापास. सुरुवातीला 3 इंची दुर्बीण घेऊन अंगणात बसायचा. रूपविकारी ताऱ्यांच्या 37,000 हून जास्त नोंदी त्याने अमेरिकेतल्या संस्थेला पाठवल्या. 3 इंच म्हणजे 76 मिलिमीटर. तुमच्याकडे 114 आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून चालू आहे, मुंबईचं खगोल मंडळ 1985 पासून. तिथेही माणसं आधी नकाशा शिकतात. आणि काळोखाचं म्हणाल तर पुण्या-मुंबईचे लोक तारे बघायला गाडीभाडं भरून बाहेर पडतात. आपल्या विदर्भातलं, नागपूर जिल्ह्यातलं पेंच जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं. तुमच्या बाभुळगावच्या वावरातला अंधार फुकट आहे. फक्त टिपेश्वरच्या किंवा राळेगावच्या जंगलाच्या कडेला जाण्याची हुशारी दाखवू नका, तिथे रात्री बघणारे दुसरे असतात.

आता स्टँड. इंटरनेटवर कोणी तरी सांगितलं म्हणून इक्वेटोरियल माउंट मागितला ना? त्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. यवतमाळात ध्रुव क्षितिजापासून 20 अंशांवर, हात ताठ करून धरलेल्या दोन मुठी, बस. तुमच्या गच्चीवरून त्या जागी शेजाऱ्याची पाण्याची टाकी आहे. सल्ला देणारा राहतो लंडनकडे, तिथे ध्रुव 51 अंशांवर. त्याला ध्रुव सोयीचा. पण ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ त्याच्या क्षितिजावर कधी येतच नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला 22 अंशांवर चढतो. आपलं आकाश बघून सामान घ्या, त्याचं बघून नाही.

ती डगमगती तिपाई काढून टाका. जॉन डॉब्सन नावाचा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत मठात संन्यासी होता, 1944 ते 1967. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करायचा आणि दुर्बीण लाकडी पेटीत बसवून रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवायचा. ती पेटी वर-खाली आणि गोल फिरते, एवढंच तिचं यंत्र. कोणताही सुतार प्लायवूडची करून देईल. उरलेल्या वर्गणीत ती आधी करा. पुढे कधी पैसे जमले तर 150 मिलिमीटरचा आरसा घ्या, आणि तेव्हाही आधी मिलिमीटर विचारा.

गच्चीवर बसायचं बंद करा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत वाफा सोडतो, त्यावरून बघितलं तर शनी उकळताना दिसतो. मातीच्या अंगणात मांडा. तासभर आधी नळी बाहेर काढून ठेवा म्हणजे आरसा निवतो. पऱ्हाट्या जाळायच्या दिवसांत बघण्याचा हट्ट नको. पावसाळ्यात दुर्बीण खोक्यात कोंबून माळ्यावर टाकाल तर आरशावर बुरशी चढेल. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याला एकदा हवा दाखवा. आरसा रुमालाने पुसलेला दिसला तर तो रुमाल मी जप्त करीन.

दिवाळीची अमावास्या फटाक्यांच्या धुरात जाणार, ती सोडा. त्यानंतरच्या अमावास्येला, कार्तिकातल्या, संध्याकाळी सात वाजता बाभुळगावच्या वावरात. दुर्बीण आणायची नाही. वही, पेन्सिल, नक्षत्रांचा नकाशा आणि लाल जिलेटिन कागद गुंडाळलेली बॅटरी. फोन बंद. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि फोनच्या एका झळकीत तो वाया जातो. ज्याला देवयानी, ययाती, कृत्तिका बोट दाखवून सांगता येतील त्याने पुढच्या खेपेला दुर्बिणीला हात लावायचा.

आणि हे काय? खोक्यातली ही काळी काच? ‘सूर्यासाठी’ लिहिलंय. हिच्यावर तुम्ही प्राथमिक शाळेत सूर्य दाखवायचं ठरवलंय, मुख्याध्यापकांची परवानगीही घेतलीय. अरे, ही आयपीसला लावायची काच. 114 मिलिमीटर आरशाने एकवटलेलं सगळं ऊन हिच्यावर येतं. ती तापते आणि तडकते, आणि तडकते तेव्हा लेकराचा डोळा तिच्या मागे असतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना होत नाही, त्यामुळे जळत असताना ते रडणारसुद्धा नाही. सूर्य बघायचा असेल तर नळीच्या तोंडावर बसणारा, प्रमाणित फिल्टर लागतो. तो तुमच्याकडे नाही, तर सूर्य नाही. लेकरांना दाखवायचंच असेल तर 22 मेच्या आसपास दुपारी सव्वाबाराला एक सरळ पाइप अंगणात उभा करा. सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पाइपच्या पायाशी नाहीशी होते. उमरखेडला तीन-चार दिवस आधी होते, तिथल्या शाळेला फोन करून दोघांनी तारखा ताडून बघा. त्याला वर्गणी लागत नाही.

त्या मुख्याध्यापकांना पत्र मी आजच लिहिते, कार्यक्रम रद्द म्हणून. खाली सही तुमची. काच इथेच टेबलावर ठेवा. हातोडी शिपाईदादांच्या कपाटात आहे, एकाने जाऊन आणा.