पदवीचा कागद आणि नारदाची गादी



अलीकडे सप्ताहात कीर्तन आटोपले की तरुण मुले आणि त्यांचे वडील एक प्रश्न घेऊन येतात. आमच्या उमेदीच्या काळात तो कोणी विचारीत नसे. मुलाला संतवाङ्मयाची गोडी आहे, गळा बरा आहे. त्याला चार वर्षे आळंदीला ठेवावा, की घरी राहून परीक्षा देता येईल अशा विद्यापीठाची पदवी घेऊ द्यावी? आणि घ्यायची तर ती कोणाची? प्रश्न दिसायला प्रवेशअर्जाचा आहे. त्याच्या पोटात मात्र दुसरा प्रश्न आहे. परमार्थाच्या विद्येला सरकारदरबारची मान्यता लागते काय, आणि ती मागणे हा कमीपणा आहे काय?

काही मंडळी एका वाक्यात निकाल देतात, ‘तुकोबांनी कुठे पदवी घेतली होती?’ या वाक्याला टाळी मिळते, पण शंका फिटत नाही. कारण कागदाची गोष्ट आपल्या संप्रदायाच्या उंबरठ्यावरच उभी आहे. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडलेली चारही भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली, ही कथा आपण सर्व जाणता. नामदेवरायांच्या गाथेत ‘आदी’च्या प्रकरणात त्या वेळी भावंडांत झालेला विचार आला आहे. निवृत्तिनाथांना त्या पत्राची गरज वाटत नव्हती, आम्ही देहाच्या ओळखीपलीकडचे, असा त्यांचा पक्ष. ज्ञानदेवांचा पक्ष निराळा. आपण कितीही पलीकडे असलो तरी लोकांची घडी मोडू नये, विधी पाळावा. आणि ती भावंडे चालत पैठणला गेली.

येथे थोडे थांबा. ज्याच्या मुखातून पुढे ज्ञानेश्वरी निघायची होती, त्याने कागद तुच्छ मानला नाही. तो मागायला तो पायी गेला. पण त्या कागदाने त्याला ज्ञान दिले असे कोणी म्हणत नाही. शके 1212 मध्ये नेवाशाला ग्रंथ सिद्ध झाला तो पैठणच्या पत्राच्या बळावर नव्हे. आज पैठणच्या त्या पंडितांची नावेसुद्धा आपल्या तोंडी नाहीत. ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले, त्याची समाधी मात्र आमच्या निरगुडसरहून मंचर, नारायणगाव करीत पुढे गेले की जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे, आणि तेथे आजही माणसे माथा टेकतात. प्रमाणपत्र देणारे विसरले गेले, रेडा राहिला!

यावरून एवढे घ्यावे की कागद हे लोकांच्या प्रश्नाचे उत्तर असते. लोक विचारतात, ‘तू कोण? कुठे शिकलास?’ त्यांना पत्र दाखवायचे. पांडुरंग ते विचारीत नाही. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देऊ पाहणारा फसतो.

आता पोटाकडे येऊ, कारण खरी अडचण तेथे आहे. गोरोबा मडकी करीत, सावतोबा मळा शिंपीत, सेना महाराज हजामत करीत, नरहरी सोनारकाम करीत. यांपैकी कोणाचेही पोट हरिकथेवर नव्हते. हरिकथेचा विक्रा करणाऱ्याला तुकोबारायांनी किती कठोर शब्दांत झोडपले आहे, ते गाथा वाचणाऱ्यास सांगायला नको. आज आमच्या भागात कांदा-उसाच्या दोन एकरांवर दोन भावांचा संसार चालत नाही. अशा घरातला मुलगा चार वर्षे शिकून आला, त्याचे लग्न झाले, आणि हातात कीर्तनाशिवाय दुसरे काही नाही, मग तो काय करील? तारीख देताना आकडा सांगेल. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. त्याला दुसरी कमाई ठेवलीच नाही, त्याचा दोष कोणी घ्यायचा?

म्हणून माझे मत असे की मान्यताप्राप्त पदवी जरूर घ्यावी. ती कीर्तनकार होण्यासाठी नव्हे. कीर्तन विकावे लागू नये यासाठी घ्यावी. शाळेत नोकरी मिळेल, बी.एड. करता येईल, स्पर्धा परीक्षेला बसता येईल, आणि एकादशीला गावात उभे राहताना पाकिटाकडे लक्ष जाणार नाही.

हे नुसते बोलणे नाही, आपल्यातच उदाहरण आहे. मामासाहेब दांडेकर (1896–1968) विष्णुबुवा जोग महाराजांचे शिष्य. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य. वर्गात पाश्चात्त्य तत्त्ववेत्ते शिकवायचे आणि वीणेपुढे उभे राहून ज्ञानेश्वरी सांगायची. त्यांची पदवी त्यांच्या कीर्तनाच्या आड आली नाही, आणि कीर्तनाला तिचा टेकूही लागला नाही. श्रोते बसत ते मामांची ज्ञानेश्वरी ऐकायला.

त्याच जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथील अभ्यास चार वर्षांचा: ज्ञानेश्वरी, गाथा, एकनाथी भागवत, विचारसागर, जोडीला गाणे आणि मृदंग. विद्यापीठाची पदवी मिळावी म्हणून जोग महाराजांनी ती काढलीच नव्हती. विद्येचे मोल न घेता वारकऱ्याला वारकऱ्याची विद्या द्यावी, हा त्यांचा हेतू. तेव्हा आळंदीची चार वर्षे आणि बी.ए. यांची तुलना लावणे म्हणजे तुळशीमाळ आणि शिधापत्रिका यांत श्रेष्ठ कोण विचारणे. आळंदीत राहून बाहेरून बी.ए. करणारी मुले मी पाहिली आहेत. पहाटे काकडा, दिवसभर पाठ, रात्री विद्यापीठाची पुस्तके. कष्ट होतात, पण दोन्ही साधते.

पदवी कोणाची घ्यावी, हे आता सांगतो. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण येथेच मुलांचे पैसे आणि वर्षे बुडतात. आपल्या देशात 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार फक्त संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. बाकी कोणी कितीही मोठा शिक्का मारला तरी ती पदवी होत नाही. जाहिरातीत लिहिलेले असते, ‘शासनमान्य नोंदणीकृत संस्था’. नोंदणी कसली? 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. तशी नोंदणी आमच्या गावच्या भजनी मंडळालाही करता येते, म्हणून काय ते बी.ए. ची पदवी देईल?

माझ्या ओळखीच्या एका घरातील मुलाने सहा महिन्यांत फोनवर ‘कीर्तनातील पदवी’ मिळवली. झगा-टोपी घातलेला फोटो घरात लागला. पुढे बी.एड. च्या प्रवेशाला गेला तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाने कागद परत केला. मुलगा तीन दिवस जेवला नाही. त्याच्या बापाने त्या फीसाठी गाय विकली होती.

म्हणून चौकशी करावी. विद्यापीठ आयोगाच्या यादीत आहे काय? बनावट विद्यापीठांची यादीही आयोग प्रसिद्ध करतो, तीही पाहावी. विद्यापीठ खरे असले तरी दूरशिक्षणाची परवानगी वेगळी लागते, आणि ती अभ्यासक्रमागणिक व सालागणिक असते. आपण ज्या वर्षी नाव घालणार, त्या वर्षी त्याच अभ्यासक्रमाला परवानगी आहे काय, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत शोधावे. ते जमत नसेल तर गावातल्या शिक्षकाला धरावे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली राज्याच्या कायद्याने झाले, दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 साली संसदेच्या कायद्याने. रामटेकला कालिदास संस्कृत विद्यापीठ 1997 पासून आहे. मराठी घेऊन पुढे गेल्यास संतवाङ्मय अभ्यासाला येतेच. आणि बाहेरून घेतलेली पदवी हलकी, हा समज सोडावा. मान्यता असलेल्या मुक्त शिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असे आयोगाने 2022 साली स्पष्ट केले आहे.

येथे चतुर श्रोता शंका घेईल. पदवी दुरून चालते, तर कीर्तनही दुरून का शिकू नये? तुकोबांना गुरूपदेश स्वप्नातच झाला ना? झाला खरा. ज्या बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला, त्यांची समाधी आमच्याच शेजारी, ओतूरला आहे. बहिणाबाईंनाही तुकोबांचा अनुग्रह कोल्हापुरात असताना स्वप्नातच झाला. याहून दूरचे शिक्षण कोणते!

पण स्वप्नाच्या आधी काय होते ते पाहावे. तुकोबा स्वतःच सांगतात की देवळाची डागडुजी केली, एकादशीला कीर्तनात उभे राहू लागले, पुढे गाणाऱ्यांच्या मागे राहून ध्रुपद धरले, संतांची वचने पाठ केली. मग स्वप्न पडले. आणि बहिणाबाई स्वप्नावर थांबल्या नाहीत. घरचा जाच सोसून देहूला आल्या आणि तुकोबांची कीर्तने समोर बसून ऐकली. वारकरी कीर्तनात टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहिल्याशिवाय चाल कुठे उचलायची, मृदंगाला वाट कधी द्यायची, श्रोता थकला हे कसे ओळखायचे, हे कळत नाही. ते पडद्यावर दिसते, पण अंगात येत नाही. विचारसागराची प्रक्रिया घरी वाचून परीक्षेत लिहिता येईल. ध्रुपद मात्र मागेच धरावे लागते.

तरी एका माणसासाठी घरबसल्या शिक्षण ही मी कृपा समजतो. सकाळी गाईंची धार काढून, डबे भरून, सासू-सासऱ्यांचे करून रात्री दहाला पुस्तक उघडणारी सून. तिने चार वर्षे आळंदीत जाऊन कसे राहावे? तिला मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र तालुक्याला मिळाले आणि ज्ञानेश्वरीवरचा एक प्रश्न तिने स्वतःच्या अकलेने सोडवला, तर तो घरातल्या सर्वांनी मिळून आनंदाने पाहावा. नवऱ्याने तेवढा वेळ चहा स्वतः करावा, हरकत नाही.

आता झग्या-टोपीचा शेवटचा प्रकार. सात-आठ वर्षांमागे मला एका संस्थेकडून फोन आला. ‘महाराज, आपल्या सेवेबद्दल आपणांस मानद डॉक्टरेट देण्याचे ठरले आहे.’ मी म्हणालो, ‘पांडुरंगाची इच्छा.’ मग कळले की समारंभाचा खर्च माझ्याकडून होता, आणि आकडा लहान नव्हता. मी विचारले, ‘माउली, एवढ्या पैशांत मंदिराचा कळस होईल. तुमच्या कागदाने काय होईल?’ पलीकडून उत्तर आले, ‘पत्रिकेत नावाआधी डॉ. लागेल.’ माणूस खोटे बोलला नाही. खरोखर तेवढेच झाले असते. नारदाच्या गादीवर उभे राहून सत्य सांगायचे आणि खाली छापलेल्या पत्रिकेत विकत घेतलेले अक्षर ठेवायचे, हे एकाच जिभेला कसे पेलेल, हा प्रश्न त्या फोनवाल्याला नव्हे, तो कागद घेणाऱ्याला पडायला हवा.

खऱ्या पदवीचे काय, असे एकाने विचारले. एम.ए. केले, कष्टाने केले, मग ते सप्ताहाच्या पत्रिकेत छापू नये काय? मी म्हणतो, नोकरीच्या अर्जात ठळक लिहावे, मुलांना सांगावे, घरात लावावे. पत्रिकेत मात्र पूर्वीपासून ‘ह.भ.प.’ लिहितात, आणि ते लिहिताना गावाने कोणाकडे प्रमाणपत्र मागितल्याचे मला आठवत नाही. पुढचा सप्ताह ठरवताना मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि पत्रिका छापखान्यात देण्यापूर्वी नावे एकदा मोठ्याने वाचून पाहावीत.