माळ घातल्यावर पुढे काय?

श्रीगीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरावे कसे, असा प्रश्न अर्जुनाने केला, आणि भगवंतांनी अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले. हा भाग कीर्तनात नेहमी येतो. पण अर्जुनाने लगेच दुसरा प्रश्न केला आहे, तो आम्ही कीर्तनकार मंडळी फारसा घेत नाही. श्रद्धेने निघाला, परंतु अर्ध्या वाटेत ढळला, त्याचे काय? वाऱ्याने फुटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून जातो काय? याचे उत्तर देताना भगवंतांनी अर्जुनाला 'तात' म्हटले आहे. बाप लेकराला जवळ घेतो तसे ते संबोधन. चांगले करू गेलेल्याची दुर्गती होत नाही, असा त्या उत्तराचा भाव.

हा श्लोक पाठशाळेत आम्ही अन्वयासह पाठ केला होता. त्याचा अर्थ मात्र जिवतीला कळला, आणि तोही आमची चूक झाल्यावर.

जिवती म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचे तेलंगणाला लागलेले टोक, माणिकगडचा डोंगर. मूळ वस्ती कोलाम आणि गोंड लोकांची. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातून पुष्कळ कुटुंबे पोटासाठी इकडे आली, त्यांच्याबरोबर टाळ-वीणाही आली. तेथल्या एका गावी आमची सप्ताहाची सेवा असते. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली, ती २०२१ साली उठली. त्यानंतरच्या एका सप्ताहात काल्याच्या दिवशी एका गृहस्थाला लोकांनी पुढे आणले. वय चाळिशीच्या आतबाहेर, पंधरा वर्षे रोज पिणारा. आम्ही त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, आजपासून थेंब नाही अशी शपथ घेतली, लोकांनी नामाचा गजर केला, आणि आम्ही नारळ घेऊन दुसऱ्या गावी गेलो.

तिसऱ्या रात्री त्याचे हातपाय थरथरू लागले. घामाने अंथरूण भिजले, भिंतीवर किडे दिसू लागले, पहाटे झटका आला. कोणी म्हणाले देवीचा कोप, कोणी म्हणाले बाहेरचे आहे. शेवटी एका शहाण्या पोराने गाडी काढली आणि घाट उतरून दवाखान्यात नेले, म्हणून वाचला. डॉक्टरांनी नंतर आम्हांला समजावले, ते सर्वांनी ध्यानात धरावे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली की दोन-चार दिवसांत असे होऊ शकते, त्यात जीवही जातो. अशाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊनच सोडवावी लागते. आम्हांला हे ठाऊक नव्हते. विचारले असते तर कळले असते.

पुढे पाच महिने तो राहिला. कापूस विकून हाती पैसा आला, बाजारचा दिवस होता, आणि तो घसरला. घरी येऊन त्याने स्वतःच माळ खुंटीला टांगली. गावच्या मंडळींनी आम्हांला विचारले, याला दिंडीत घ्यावे काय? आम्ही फोनवरून सांगून टाकले, शपथ मोडली, आता नको. त्याची वीणा दुसऱ्याला दिली, पंगतीत त्याच्याशी कोणी बोलेना. मग तो रोज पिऊ लागला.

पुढच्या सप्ताहात त्याची बायको आमच्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "महाराज, तुम्ही माळ घातली आन् गेलात. चार राती ह्यांना आम्ही धरून बसलो. मग बाहेर काढायचं तेवढं तुम्हाला कसं सुचलं?"

काय बोलणार? अर्जुनाच्या त्या प्रश्नाला भगवंतांनी दिलेले उत्तर आम्हांला पाठ होते, आणि आम्ही नेमके उलट दिले होते.

कोणी म्हणेल, महाराज, नामाला अशक्य काय आहे? काही अशक्य नाही. पण नाम घेणाऱ्याला ताप आला तर आपण काढा देतोच ना? आणि योगशास्त्रही सांगते की अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने केला तरच दृढ होतो. सप्ताह सात दिवसांचा. आठव्या दिवसापासूनचा अभ्यास कोणाच्या आधाराने करायचा?

हा आधार इतरांनी उभा केलेला आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. तेथे बरे झालेली माणसेच नव्यांना हात देतात, आणि बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. नवऱ्याच्या दारूने आजारी पडलेली बाईही आधाराची धनी आहे, हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते. त्याही आधी, १९३५ साली, अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक शस्त्रवैद्य असे दोन पिणारे एकमेकांशी बोलत बसले, आणि बोलण्याने पिणे टळते असा त्यांना अनुभव आला. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या बैठका निघाल्या. त्या आपल्याकडेही भरतात, फी नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे; पण बंदीने पिणारा बरा होत नाही, हे ओळखून तेथे डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालते. गावागावांत संघटना आणि तालुक्याला उपचाराची सोय, असे ते काम आहे. आपल्या जवळ कोठे उपचार आहे हे विचारण्यास १४४४६ हा सरकारी फोन आहे.

आम्ही त्या गृहस्थाच्या घरी गेलो, क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी दवाखान्यात जायला तयार झाला, या वेळी मंडळातले दोघे बरोबर राहिले. आता त्या गावी दर गुरुवारी हरिपाठानंतर चार-पाच जण मागे बसतात. तेथे कीर्तन नाही, उपदेश नाही. ज्याने त्याने आपला आठवडा सांगायचा. त्यात एक कोलाम तरुण आहे, तो माळकरी नाही, त्याला कोणी माळ घे म्हणत नाही. बाजाराच्या दिवशी एकट्याने जायचे नाही, कापसाचे पैसे बायकोच्या हाती द्यायचे, लग्नाच्या वरातीत जोडीदार बरोबर ठेवायचा. कोणी घसरला तर त्याच रात्री दोघांनी त्याच्या घरी जायचे, हा नियम त्या बाईने घालून दिला. मधे एकदा तिचा नवरा पुन्हा घसरला होता. दोघे गेले. माळ या वेळी गळ्यातच राहिली.

यंदाच्या सप्ताहात आम्ही कीर्तनाला उभे राहिलो आणि वीणेकरी म्हणून त्यालाच शोधू लागलो. तो नव्हता. खालच्या वस्तीत एकाने नुकतीच सोडली होती, औषध चालू होते, रात्र जड जाणार होती. हा त्याच्या उशाशी बसला होता. वीणा दुसऱ्याने धरली, आणि आम्ही कीर्तन सुरू केले.