कारभारी हवा की नको?

घरात एकटाच माणूस राहत असला तर त्याला कारभारी लागत नाही. दिवा कधी मालवावा, दार कधी लावावे, सारे त्याच्या मर्जीवर. दुसरा आला, की मोरीवर आधी कोणी जायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याच्या पाठोपाठ कारभारीही येतो.

संगणकाचे असेच झाले. आरंभीच्या यंत्रांवर एका वेळी एकच काम चाले. ज्याची पाळी, त्याचे यंत्र. पाळी बदलताना मात्र ते महागडे धूड रिकामे बसे. १९५६ साली जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांनी आयबीएम ७०४ साठी कामामागून काम आपोआप लावणारी व्यवस्था रचली. १९६१ साली एमआयटीत कोर्बाटो यांनी एकाच यंत्रावर अनेकांना एकदम बसवून दाखविले. ऑपरेटिंग सिस्टिम ही अशी घरची कारभारीण झाली. वेळ वाटायचा, जागा वाटायची, आणि एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये हे पाहायचे.

आता काही जाणते विचारतात, की ही हवीच कशाला? २०१३ साली केंब्रिजच्या संशोधकांनी ‘युनिकर्नेल’ची कल्पना मांडली. प्रोग्रामने कारभारणीच्या पसाऱ्यातले आपल्याला लागेल तेवढेच शिदोरीसारखे बांधून घ्यावे. ओझे हलके होते, चोराला शिरायला फटीही थोड्या राहतात. हे मला पटते. पण ही बिऱ्हाडे ज्या वाड्यात राहतात, तिथे हायपरवायझर नावाचा पहारेकरी असतोच. खोलीतला कारभार उठून देवडीवर जाऊन बसला, एवढेच.

तो सुटत का नाही? माणसे दुष्ट असतात म्हणून, असे आपण पटकन म्हणतो. मला तसे वाटत नाही. सज्जनाच्या प्रोग्रामातही चूक राहते, आणि तिची शिक्षा शेजाऱ्याने का भोगावी? जिथे वाटून घ्यायचे आहे, तिथे वाटणारा आलाच.

पण वाटणारा शिरजोरही होतो. आयफोनवर कोणते ॲप यावे हे २००८ पासून बहुतांशी कंपनीच ठरवीत आली. युरोपीय संघाला २०२२ साली अशा द्वारपालांसाठी कायदा करावा लागला. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची?

म्हणून कारभारी ठेवावा, किल्ल्याही त्याच्या कमरेला असाव्यात; पण चोपड्या घरच्यांना पाहता आल्या पाहिजेत. १९९१ साली लिनस टॉर्वाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सची चोपडी आजही कोणालाही उघडून वाचता येते. लक्ष्मीपूजनाला चोपड्या पुजणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट अधिक समजावून सांगायला नको.