भाडेकरूचा शेजारधर्म

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "मग, परत कधी?" ज्याला विचारलं तो इथे येऊन दोन वर्षं झालेली असोत की बावीस, उत्तर ठरलेलं, "बघू, अजून दोन-तीन वर्षं." आपली इथली मोजमापंही तशीच. बहुतेकांचा व्हिसा दोन वर्षांचा, भाडेकरार एका वर्षाचा, भाड्याचे चेक चार किंवा सहा. २०१९ पासून दीर्घ मुदतीचा गोल्डन व्हिसा आला, काहींनी हौसेने घरंही घेतली, तरी आपल्यातल्या बऱ्याच जणांचं बिऱ्हाड अजून पाठीवरच आहे. असा माणूस आपल्या गल्लीचं, आपल्या इमारतीचं काही देणं लागतो का? की भाडं वेळेवर भरलं की हिशेब संपला?

शारजातलं अल नहदाच घ्या. पलीकडे दुबईचं अल नहदा, अलीकडे शारजाचं. मराठी, मल्याळी, गुजराती, पाकिस्तानी, इजिप्शियन, फिलिपिनो, सगळे सकाळी एकाच लिफ्टमध्ये. कालपर्यंत ज्या वाळूच्या प्लॉटवर शंभर गाड्या उभ्या राहत होत्या, तिथे पत्र्याचं कुंपण पडतं आणि टॉवर उभा राहू लागतो. गाड्या तेवढ्याच, जागा कमी. मग दुसऱ्याच्या गाडीमागे आपली गाडी लावून निघून जायचं. सुपरमार्केटची ट्रॉली लिफ्टसमोर सोडायची. कचऱ्याची पिशवी शूटमध्ये न टाकता शूटच्या दाराशी ठेवायची. प्रश्न सगळे क्षुल्लक, पण माणसाचं रोजचं जगणं यातच जातं. आणि या सगळ्यावर आपलं एकच पालुपद असतं, "जाऊ दे ना, आपण थोडेच कायमचे इथे राहणार आहोत!"

या म्हणण्यामागे दोन युक्तिवाद आहेत. पहिला पैशाचा. आपण फुकट राहत नाही. भाडं देतो. दुबईत तर भाडेकरू वार्षिक भाड्याच्या ५ टक्के रक्कम हाउसिंग फी म्हणून वीज-पाण्याच्या बिलातून म्युनिसिपालिटीला देतो. मग आणखी काय द्यायचं? पण या पैशांतून विकत काय मिळतं ते पाहा. झाडणाऱ्या माणसाचे श्रम मिळतात. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला या देशात २००५ पासून बंदी आहे. आता ती १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२.३० ते ३ अशी असते. पण ऑगस्टमध्ये सकाळी दहालाही अंगाची लाही होते. त्या वेळी आपण खाली टाकलेला कप कुणीतरी वाकून उचलतो. तो बहुधा आपल्याच उपखंडातून आलेला असतो आणि त्याचाही व्हिसा मुदतीचाच असतो. कचरा उचलला जाण्याचा हक्क आपण पैसे देऊन मिळवला आहे. त्याला विनाकारण जास्त वेळा वाकायला लावण्याचा हक्क त्यात येत नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. हक्क तिथे कर्तव्य. इथे आपल्याला मत नाही, नगरसेवक नाही, उद्या नोकरी गेली तर ठरावीक मुदतीत गाशा गुंडाळायचा. ज्या जागेवर आपला अधिकार नाही तिची जबाबदारी आपण का घ्यावी? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अनिश्चिततेत जगणाऱ्या माणसाला कर्तव्याचे डोस पाजणं सोपं असतं.

पण यात एक गल्लत आहे. माणूस आणि राज्यसंस्था यांच्यातली देवघेव हक्कांवर चालते हे खरं. शेजाऱ्यांमधलं नातं त्यावर चालत नाही. माझ्या गाडीमागे कुणी गाडी लावली की मला उशीर होतो, तो माझ्या नागरिकत्वामुळे होत नाही. मी तिथे राहतो म्हणून होतो. अमेरिकेत मास्टर्स करताना आम्ही चार विद्यार्थी भाड्याच्या घरात राहत होतो. घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ त्या घरात राहणाऱ्यानेच काढायचा असा त्या गावचा नियम होता. घर आमचं नव्हतं, देश तर नव्हताच. पण घसरून पडणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने काय फरक पडणार होता?

शिवाय "आपलं असतं तर केलं असतं" हे आपण एकदा तपासून बघू या. आपल्यापैकी अनेकांचे पुण्यात, ठाण्यात, नाशिकला फ्लॅट आहेत. तिथे आपण रीतसर मालक आहोत, सोसायटीचे सभासद आहोत, मतही आहे. तिथल्या वार्षिक सभेला गेल्या पाच वर्षांत किती जण हजर होते? तिथे मालक असून गैरहजर, इथे हजर असून उपरे! मालकी आली की आपुलकी आपोआप येते, असा अनुभव काही दिसत नाही. उलट, ज्याची आपण निगा राखतो तेच हळूहळू आपलं वाटू लागतं.

आपल्याकडे याचं सर्वांत मोठं उदाहरण गाडगेबाबांचं. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस आयुष्यभर गावोगाव फिरला. नव्या गावात शिरायचं, हातातल्या खराट्याने रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन करायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. त्या गावात त्यांचं ना घर होतं, ना शेत, ना मुक्कामाचा इरादा. पंढरपूर, नाशिकसारख्या ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, त्याही येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. "मी उद्या इथे नसणार" हे त्यांच्या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खरं होतं. ते त्यांना झाडू न मारण्याचं कारण मात्र कधी वाटलं नाही.

आपण गाडगेबाबा नाही, हे मान्य. पण आपल्यातही ते बीज आहे, हे १६ एप्रिल २०२४ च्या पावसाने दाखवलं. १९४९ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत मोठा पाऊस. अल ऐनजवळ खत्म अल शकला येथे २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला. शारजात अल मजाझ, अल कासिमिया या भागांत पाणी कित्येक दिवस हटलं नाही. काही टॉवरांमध्ये वीज गेली, लिफ्ट बंद पडल्या. तेव्हा पिण्याचं पाणी, जेवणाचे डबे, म्हाताऱ्यांची औषधं जिने चढून पोचवणारे बहुतेक भाडेकरूच होते. दार उघडणाऱ्याचा पासपोर्ट कुठला, हे कुणी विचारलं नाही. त्यानंतर जूनमध्ये दुबईने 'तस्रीफ' हा ३० अब्ज दिरहॅमचा पर्जन्यजल-निचरा प्रकल्प जाहीर केला. नाले सरकार बांधेल. पण विसाव्या मजल्यावर एकट्या आजी राहतात हे माहीत असणं, हे काम शेजाऱ्याचंच.

इथे आपल्या हातात काय आहे, याच्या मर्यादा स्पष्ट आहेत. चाळीतल्यासारखी वर्गणी काढता येत नाही. परवानगीशिवाय पैसे गोळा करणं बेकायदा आहे. मोर्चा तर नाहीच. पण आमच्या आयटीत एक गोष्ट कळते. यूजरला ॲडमिन राइट्स नसतात, पण तो टिकेट तर टाकू शकतो. "सिस्टीम चालत नाही" असं लिहिणाऱ्याचं टिकेट पडून राहतं. नेमकं कुठे, केव्हा, काय बिघडलं हे लिहिणाऱ्याचं काम होतं. दुबई म्युनिसिपालिटीचा ८००९०० हा नंबर त्यासाठीच आहे. बंद पडलेला दिवा, उघडं झाकण, तुंबलेलं गटार आधी कळवावं. शेजारी म्हणून बोलायला, नातूरचं नाव लक्षात ठेवायला, ट्रॉली जागेवर न्यायला तर कुठलाही व्हिसा लागत नाही.

हे सगळं मला आपल्या मुलांसाठी महत्त्वाचं वाटतं. ती इथेच वाढली. त्यांच्या लेखी गाव म्हणजे हाच रस्ता, हाच बकाला, हेच पार्क. आपण त्यांना रोज नकळत शिकवतो की हे आपलं नाही. आणि भारत त्यांना दिसतो वर्षातून चार आठवडे, पाहुणा म्हणून. इथे हॉटेलसारखं राहायचं, तिथे सुट्टीला जायचं, मग जबाबदारीने राहायला ती शिकणार कुठे? पुढे ती कॅनडात जातील, ऑस्ट्रेलियात जातील, कदाचित पुण्यातही परततील. सोबत काय नेतील? मराठी नेतील, मोदकाची कृती नेतील, ही आपली आशा. त्यासोबत, जिथे चार दिवस राहू ती जागा आपली समजून राखायची, ही सवयही त्यांच्या सामानात असायला हवी. तिचं वजन विमानात मोजत नाहीत.