वादळाने उघड्यावर आणलेल्यांचा हक्क



3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने काही तासांत घरांवरचे पत्रे आणि कौले उडवली, विजेचे खांब आडवे केले आणि नारळ-सुपारीच्या वाड्या मुळांसकट निजवल्या. त्या वर्षी रमजान ईद 25 मे रोजी झाली होती. ईदला दहा दिवसही उलटले नव्हते. पुढच्या वर्षी ईद 14 मे रोजी झाली आणि 16 मेच्या सुमारास तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्यालगतून उत्तरेकडे सरकत गेले. दोन्ही वेळा वादळ आले ते आपण वर्षाची जकात वाटून मोकळे झालो असताना.

हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. कारण अशा वेळी मिंबरवरून मदतीचे आवाहन केले की दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला असा : “मौलाना, जकात तर रमजानमध्ये काढून झाली.” दुसरा जरा दबक्या आवाजात येतो : “त्यांची तर केवढी मोठी वाडी होती, त्यांना कसली जकात?” दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, म्हणून आधी त्याचाच विचार करू.

वाडीचा मालक म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरायला पाच ते आठ वर्षे लागतात, नारळालाही तितकाच धीर धरावा लागतो. ज्याची उभी वाडी झोपली त्याच्या सातबाऱ्यावरची जमीन कायम राहते. जाते ती पुढच्या कित्येक वर्षांची मिळकत. छप्पर उडाले, भिंती भिजल्या, मुलांना घेऊन तो शाळेच्या खोलीत किंवा नातलगाच्या पडवीत राहतो आहे, आणि गावाच्या नजरेत मात्र तो अजूनही ‘बागायतदार’च आहे. गेल्या महिन्यात त्याने स्वतः जकात दिलेली असते. त्याचा हात देण्याच्या सवयीचा. मागण्यासाठी तो पुढे होणार कसा?

पवित्र कुरआनने या माणसाची ओळख फार पूर्वी करून ठेवली आहे. सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या प्रवासाची कथा येते. त्यात ज्या नावेला भोक पाडले जाते, तिच्या मालकांना कुरआन ‘मसाकीन’ म्हणतो. त्यांची स्वतःची नाव होती, समुद्रावर ते कष्ट करीत होते, तरीही ते मिस्कीन. इमाम शाफई (रह.) यांच्या अनुयायी फकीहांनी याच आयतीचा आधार घेऊन सांगितले की मिस्कीन म्हणजे ज्याच्याजवळ काहीतरी आहे, पण ते त्याच्या गरजेला पुरत नाही. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम याच मसलकाचे आहेत, आणि त्यांच्याच किनाऱ्यावर नाव असलेले, वाडी असलेले मिस्कीन वादळाच्या एका दुपारीत तयार होतात. हनफी मसलकातही राहते घर आणि धंद्याची अवजारे निसाबात मोजली जात नाहीत. तेव्हा ‘त्यांचे घर आहे, होडी आहे’ हे जकात नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

याहून स्पष्ट मार्गदर्शन हजरत कबीसा बिन मुखारिक (रजि.) यांच्या हदीसमध्ये मिळते. ती सहीह मुस्लिममध्ये आहे. मागणे इस्लामला आवडत नाही, परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीन जणांना त्याची मुभा दिली. त्यांपैकी दुसरा तो, ज्याच्या मालमत्तेवर ‘जाइहा’ कोसळली. जाइहा म्हणजे मालमत्ता समूळ नेणारी आपत्ती. पीक आणि फळबागा बुडवणाऱ्या संकटासाठीच हा शब्द विशेषत्वाने वापरला जातो. झोपलेल्या वाडीला याहून अचूक शब्द मला मराठीतही सापडत नाही. अशा माणसाला जगण्याचा आधार पुन्हा मिळेपर्यंत मागण्याची परवानगी आहे. परवानगी दोन वेळच्या जेवणापुरती नाही, आधार उभा राहीपर्यंतची आहे. आपण तांदळाची पिशवी देऊन परतताना हा फरक लक्षात ठेवावा.

तिसरा मनुष्य तो, जो उपासमारीला आला आहे आणि ज्याच्याच लोकांतील तीन समजूतदार माणसे त्याची साक्ष देतात. पाहणी आणि पडताळणीची याहून साधी पद्धत मला ठाऊक नाही. प्रत्येक मोहल्ल्यात जमातीने तीन माणसे नेमावीत. घरांची आतली स्थिती जाणणारी, जिभेवर ताबा असलेली. या कामात एखादी वयस्क, विश्वासू महिला नसेल तर निम्मी घरे आपल्याला कळणारच नाहीत, हे माझे स्पष्ट मत आहे. सूरह बकराच्या 273 व्या आयतीत अशा गरजवंतांचा उल्लेख आहे, जे लोकांच्या मागे लागून मागत नाहीत आणि ज्यांच्या संयमामुळे अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात. मशिदीच्या दारात रांग लावून वाटप केले तर ही माणसे रांगेत दिसणार नाहीत. त्यांच्यापर्यंत आपणच जायचे आहे, आणि शक्यतो मगरिबनंतर, अंधार पडल्यावर.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. जकात देऊन झाली असेल तर पुढील वर्षाची जकात आगाऊ देता येते. हजरत अब्बास (रजि.) यांनी वर्ष पूर्ण होण्याआधी जकात देण्याविषयी विचारले असता प्रेषितांनी (स.) त्यांना परवानगी दिल्याची हदीस तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. शाफई आणि हनफी दोन्ही मसलकांत ही गोष्ट मान्य आहे. फक्त देणारा त्या वेळी निसाबाचा मालक असावा. दिलेली रक्कम वहीत लिहून ठेवावी आणि पुढच्या रमजानमध्ये वळती करून घ्यावी. मुंबईत किंवा आखाती देशांत नोकरीला असलेल्या आपल्या बांधवांनी हा मसला विशेष ध्यानात घ्यावा. जकात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवण्याविषयी मसलकांत मतभेद आहेत, त्याबाबत आपल्या जवळच्या आलिमांना विचारावे. नफल सदक्याला मात्र अशी कोणतीही सीमा नाही.

आणि ज्याच्यावर जकात फर्जच नाही, त्याचे काय? मदीनेत एके दिवशी मुजर कबिल्याचे लोक आले. अनवाणी पाय, अंगावर लोकरीची फाटकी वस्त्रे. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) सांगतात की त्यांची ती अवस्था पाहताच प्रेषितांचा (स.) चेहरा बदलला. त्यांनी तोंड उघडून काही मागितल्याचा उल्लेख या हदीसमध्ये नाही. हजरत बिलाल (रजि.) यांना अजान देण्यास सांगितले गेले, नमाज झाली आणि मग खुतबा झाला. खुतब्यात सर्वप्रथम सूरह निसाची पहिली आयत पठण केली गेली, ज्यात सर्व मानवांची निर्मिती एका जीवापासून झाल्याचे सांगितले आहे. त्यानंतर आवाहन झाले : कोणी दीनार द्यावा, कोणी दिरहम, कोणी कापड, कोणी मापभर गहू किंवा खजूर, अगदी अर्धा खजूर का असेना. एक अन्सारी हातात मावेना अशी थैली घेऊन आले आणि मग लोकांची रीघ लागली. अन्नाचा एक आणि कपड्यांचा एक, असे दोन ढीग उभे राहिले, तेव्हा प्रेषितांचा (स.) चेहरा उजळून निघाला. अर्ध्या खजुराचा उल्लेख तिथे उगीच आलेला नाही. रोजंदारीवरचा माणूस वीस रुपये देतो तेव्हा त्याचे नाव यादीत खाली आणि हजाराच्या देणगीदाराचे वर, ही रीत मला कधीच पटली नाही. यादी रकमेप्रमाणे न लावता तारखेप्रमाणे लावावी.

त्या ढिगातील कपड्यांवरून आठवले. कोठेही आपत्ती आली की जुन्या कपड्यांची गाठोडी येऊ लागतात. त्यांत विटलेले, फाटलेले, एका पायाची चप्पलसुद्धा असते. आपल्याला कोणी दिली तर डोळे मिटूनच आपण घेऊ, अशी वस्तू अल्लाहच्या मार्गात देऊ नका, असा सूरह बकराच्या 267 व्या आयतीचा आशय आहे. वादळानंतर ओल्या घरात काय लागते ते विचारून पाहा : पत्रे, खिळे, ताडपत्री, कंदील, वीज नसल्याने बंद पडलेल्या पंपाऐवजी पाण्याची टाकी, पडलेली झाडे कापायला करवत आणि ती चालवणारे चार हात. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने हे हात द्यावेत.

हिशेबाबाबत थोडे कडक बोलणे भाग आहे. जकात आणि सर्वसाधारण सदका यांच्या दोन वेगळ्या वह्या ठेवाव्यात. जकात हकदाराच्या मालकीची झालीच पाहिजे. त्या पैशांतून टेम्पोचे भाडे, स्वयंसेवकांचा चहा किंवा मशिदीच्या छपराची दुरुस्ती करता येत नाही. हा खर्च दुसऱ्या वहीतून करावा. दुसरी वही आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. वादळाने मोहल्ला आणि कोळीवाडा असा भेद केलेला नसतो. बहुसंख्य फकीहांच्या मते जकात मुस्लिम हकदारांसाठी आहे, पण नफल सदका बिगरमुस्लिम शेजाऱ्याला देण्यास मनाई नाही. सूरह बकराची 272 वी आयत याच संदर्भात उतरल्याचे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून नमूद आहे, काही सहाबींना आपल्या बिगरमुस्लिम नातलगांना देताना संकोच वाटत होता, तो या आयतीने दूर केला. शेजारच्या आळीतील पत्रा उडालेले घर आपल्या यादीत नसेल तर ती यादी अपुरी आहे.

छायाचित्रांविषयी एवढेच सांगतो की बिलांची काढावीत, माणसांची काढू नयेत. उपकार बोलून दाखवल्याने आणि मन दुखावल्याने सदका वाया जातो, असा इशारा 264 व्या आयतीत आहे. पत्र्याच्या पावतीचे चित्र देणगीदाराला पाठवा, त्याचे समाधान होईल. पत्रा घेणाऱ्या बापाचे चित्र त्याच्या मुलीच्या वर्गात फिरले, तर पुढच्या वेळी तो छपराविना राहील, पण आपल्या दारात येणार नाही.

वादळे बहुधा मे-जूनमध्ये येतात, त्यामुळे तयारी त्याआधी व्हावी. तीन माणसांची निवड, दोन वह्या, आणि मोहल्ल्यातील घरांची एक यादी, ज्यात म्हातारी माणसे, विधवा, आजारी आणि एकट्या राहणाऱ्या व्यक्तींची नोंद असेल. ही यादी कागदावर लिहून इमामांकडे ठेवावी, मोबाइलमध्ये नव्हे. वादळानंतर वीज जाते आणि मनोरेही बंद पडतात.